पंचकल्याणी घोड्याचें कुलवृत्त

मराठ्यांचा इतिहास हा जितका माणसांचा तितकाच घोड्यांचा इतिहास आहे. नागपूरकर भोसल्यांविषयीं तर हें विशेषच खरें. पहिल्या रघोजींच्या फौजा १७४२ सालापासून बंगालपर्यंत दौडत गेल्या, आणि १७५१ च्या तहांत अलीवर्दीखानाकडून चौथाईचे सालिना बारा लक्ष रुपये कबूल करून घेईपर्यंत त्यांची दौड थांबली नाहीं. बंगाली घरांतून मुलांना निजवितांना ज्या 'बर्गी'चें भय घालण्यांत येई, तो आपला 'बारगीर'च होय. बारगीर सरकारी पागेंतील घोड्यावर बसून चाकरी करी. शिलेदार स्वतःचें घोडें घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचें घोडें पडलें म्हणजे त्याची नोकरी, त्याची अब्रू आणि त्याची घरची चूल हीं तिन्ही एकदम संकटांत येत. जनावराच्या चार पायांवर ज्या समाजांत कुटुंबाची मदार होती, तेथें घोडा पारखण्याची विद्या ही केवळ हौस असूं शकत नव्हती.

या पारखीचा एक मोठा भाग घोड्याच्या अंगावरील पांढऱ्या चिन्हांविषयींचा असे. चारी पाय खालून पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, असा घोडा 'पंचकल्याणी' म्हणून नांवाजला जाई. याखेरीज छाती, आयाळ आणि शेपूट यांवरही पांढरेपण आलें तर तो 'अष्टमंगल'. अंगावर मोठमोठे पांढरे पट्टे विखुरलेले असले म्हणजे तो 'अबलख'. उलटपक्षीं कपाळावरची चांदणी अंगठ्याखालीं झांकली जाईल इतकी लहान असली, तर 'सितारापेशानी' म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडी. आणि मागचा एकच पाय पांढरा असला तर 'अर्जल' म्हणून तें जनावर त्याज्य ठरे. धन्याचा उत्कर्ष अथवा घात या चिन्हांत लिहिलेला आहे अशी समजूत होती. ती अगदींच गेली आहे असेंही नाहीं. दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेड्यास भरणाऱ्या बाजारांत किंवा नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत आजही घोड्याची चाल पाहण्याआधीं त्याचे पाय आणि कपाळ पाहणारे लोक आढळतात.

हीं पांढरीं चिन्हें येतात कोठून, आणि तीं खरोखर कांहीं सांगतात काय, या प्रश्नाचें उत्तर गेल्या कांहीं दशकांत शास्त्रज्ञांच्या बरेंच हातीं आलें आहे. त्या उत्तराचा वाचकांस परिचय करून द्यावा, आणि त्याच्या उजेडांत आपल्या पूर्वजांची पारख किती टिकते हें तपासावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम पूर्वजांकडे वळूं. आपल्याकडील अश्वशास्त्राचें मूळ शालिहोत्र ऋषीपाशीं नेण्यांत येतें. घोड्याच्या वैद्यास 'सालोत्री' म्हणण्याचा प्रघात याच नांवावरून पडला. नकुलाच्या नांवावर चालणारा 'अश्वचिकित्सित' आणि जयदत्ताचा 'अश्ववैद्यक' हे ग्रंथ प्रसिद्धच आहेत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचिलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथांत घोड्यांचा व घोड्यांवरून खेळावयाच्या चेंडूचा विस्तृत विचार आहे. म्हणजे ही विद्या आपल्या दक्षिण देशीं त्या काळीं राजदरबाराचा विषय होती. त्याच शतकांत गुजराथेंत हेमचंद्रानें आपल्या 'अभिधानचिंतामणि' कोशांत घोड्यांच्या रंगांचीं नांवें दिलीं आहेत, त्यांत 'अष्टमंगल' आहेच. परंतु खोंगाह, सेराह, वोल्लाह, उराह यांसारखे असे कांहीं शब्द आहेत कीं त्यांवर संस्कृताचा वास येत नाहीं. ते घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर वायव्येकडून आले असले पाहिजेत. पुढें बहामनी दरबारांत शालिहोत्राचें फारसींत भाषांतर झालें, आणि फारसी 'फरसनामे' आपल्याकडे आले. या देवघेवीचा ठसा मराठीवर अद्याप आहे. कुमाईत, मुश्की, सबजा, समंद, नुकरा, अबलख हे शब्द अरबी-फारसींतून आले. सुरंग आणि पंचकल्याणी हे संस्कृताचे. रंगांचीं इतकीं नांवें ज्या भाषेंत रुळलीं, त्या भाषेच्या लोकांचे डोळे घोड्यावर किती बारकाईनें खिळले असतील हें निराळें सांगावयास नको.

तथापि डोळे बारीक असले म्हणून अनुमान बरोबर असतें असें नव्हे. याची साक्ष देशोदेशींच्या समजुती एकमेकींशेजारीं ठेविल्या म्हणजे आपोआप पटते. ज्या घोड्याचे चारी पाय आणि तोंड पांढरें त्यास आपण पंचकल्याणी म्हणून कुंकूं लावतों; इंग्लंडांतील जुन्या म्हणीप्रमाणें तोच घोडा सर्वांत निकृष्ट, त्याचें कातडें काढून कावळ्यांस घालावा इतक्या योग्यतेचा! उलट आपण ज्याला अर्जल म्हणून दूर लोटतों तो एका पांढऱ्या पायाचा घोडा तेथें खुशाल विकत घ्यावा असें सांगतात. अरबांची आवड याहून तिसरीच. इतर पाय पांढरे असले तरी उजवा पुढचा पाय पांढरा नसावा असा त्यांचा संकेत. एकाच चिन्हाचे तीन देशांत तीन अर्थ होत असतील, तर तो अर्थ चिन्हांत नसून पाहणाऱ्याच्या मनांत आहे असेंच म्हणावें लागतें.

म्हणून हें सर्वच शास्त्र टाकाऊ ठरवावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. फळ सांगण्यांत ते लोक चुकले असतील; वर्णन करण्यांत ते क्वचितच चुकले. याचें एक उत्तम उदाहरण म्हणजे पांढऱ्या घोड्यांचें वर्गीकरण. साध्या दृष्टीस सर्व पांढरे घोडे सारखेच. परंतु जुन्या पारख्यांनीं त्यांत नुकरा व सबजा असा भेद केला. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते व तो जन्मतःच फिका असतो. सबजाची कातडी काळी असते. तो जन्मतां काळा, तांबडा किंवा कुमाईत असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. आजचें शास्त्रही अगदीं याच रेषेवर हे दोन वर्ग वेगळे करतें, आणि दोहोंचीं कारणें निरनिराळीं आहेत असें सिद्ध करून दाखवितें.

दुसरें उदाहरण महाभारतांतील. उद्योगपर्वांत विश्वामित्र आपला शिष्य गालव यापाशीं गुरुदक्षिणा म्हणून चंद्रासारखे शुभ्र व एक कान काळा असे आठशें घोडे मागतो. गालव ययातीची कन्या माधवी हिला घेऊन तीन राजांकडे हिंडतो. प्रत्येकापाशीं दोनशेंच निघतात. शेवटीं गरुड त्यास सांगतो कीं, असे घोडे मुळांत एक सहस्रच होते, ऋचीकानें ते वरुणाकडून मिळविले होते, पुढें त्यांतले चारशें वितस्तेच्या प्रवाहांत नाहींसे झाले, आणि उरलेले सहाशें या तीन राजांनीं विकत घेतले. आतां पृथ्वीवर आणखी नाहींत. कथेचा करुण भाग माधवीचा आहे, व तो कोणीही सहृदय वाचक विसरणार नाहीं. आमचें लक्ष येथें दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. विरळा रंग एकाच मूळ कळपांतून पसरतो आणि तो कळप आटला कीं रंगही आटतो, ही कल्पना कथाकारास पूर्ण अवगत होती. सर्व अंग पांढरें होऊन केवळ कानांवर वा टाळूवर रंग राहिलेले घोडे आजही क्वचित् जन्मास येतात. त्यांचें रहस्य पुढें सांगावयाच्या विवेचनांत आपोआप उलगडेल.

वंशपरंपरेचे नियम मेंडेलनें १८६६ सालीं प्रसिद्ध केले. ते चौतीस वर्षें धूळ खात पडून १९०० सालीं पुन्हां उजेडांत आले. त्यानंतर सहाच वर्षांनीं हर्स्ट नांवाच्या इंग्रज संशोधकानें शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळी चाळून असें दाखविलें कीं, सुरंग घोडा व सुरंग घोडी यांची संतति सुरंगच होते. कुमाईत रंग मात्र सुरंगावर प्रभावी ठरतो. घोड्याच्या रंगाचा हिशेब मांडतां येतो, हें येथें प्रथम ठरलें. त्यापुढें शंभराहून अधिक वर्षांनीं, म्हणजे २००९ सालीं, घोड्याच्या समग्र जनुकसंचाचें वाचन प्रसिद्ध झालें, आणि एकेका चिन्हाचें मूळ चौसष्ट गुणसूत्रांपैकीं कोणत्या गुणसूत्रावर कोठें दडलें आहे हें शोधणें सुलभ झालें.

पांढरें चिन्ह म्हणजे पांढरा रंग नव्हे. ती रंगाची अनुपस्थिति होय. केसांस रंग देणाऱ्या पेशी गर्भामध्यें पाठीच्या कण्याच्या रेषेवर उत्पन्न होतात, व तेथून दोन्ही बाजूंनीं खालीं सरकत सर्व कातडी व्यापतात. पाठ, मान व कानांजवळचा भाग त्यांस जवळ पडतो. नाकाचा शेंडा, पोट आणि चारी पायांचे खूर हे मुक्काम सर्वांत दूरचे. वाटेंत पेशींची संख्या कमी पडली, त्यांची चाल मंदावली किंवा त्या मेल्या, तर दूरचे मुक्काम रिकामे राहतात, आणि तेथें केस पांढरे उगवतात. आतां पंचकल्याणी घोडा डोळ्यांपुढें आणावा. तोंड आणि चार पाय! ज्यांना आपल्या पूर्वजांनीं पांच कल्याणें म्हणून एकत्र मोजलें, तीं नेमकीं या प्रवासाचीं शेवटचीं ठाणीं आहेत. तीं एकत्र कां येतात हें त्यांस ठाऊक नव्हतें, पण एकत्र येतात हें त्यांनीं बरोबर हेरलें होतें. अष्टमंगलांतील छाती व शेपटीचा शेंडा हींही त्याच माळेंतील. आयाळ पांढरी होण्यास मात्र इतरही कारणें असूं शकतात. आणि प्रवास जवळजवळ सुरू होतांच थांबला, तर उगमाजवळचे कानच काय ते रंगीत राहतात. श्यामकर्णाचें रहस्य हेंच असावें असा तर्क करण्यास यामुळें जागा मिळते.

या प्रवासास हुकूम देणारीं जनुकें अनेक आहेत. त्यांत 'किट' नांवाचें जनुक मुख्य. रंगपेशींनीं जगावें, वाढावें आणि पुढें सरकावें यासाठीं लागणारा संदेश पेशीच्या अंगीं उतरविण्याचें काम तें करतें. या एकाच जनुकांत पांढरेपणा आणणारे तीसांहून अधिक फेरबदल आजवर आढळले आहेत. कांहींनीं केवळ पाय पांढरे होतात, तर कांहींनीं सर्व घोडा पांढरा होतो. मारवाडी घोड्यांत दिसणारा एक ठळक अबलख नमुना, ज्यांत पांढरा पट्टा पाठीवरून ओलांडून जातो, तो तिसऱ्या गुणसूत्राचा याच जनुकाजवळचा एक मोठा तुकडा उलटा बसल्यामुळें होतो, असें २००७ मध्यें सिद्ध झालें. तोंड व पाय चुन्यांत बुडविल्यासारखे दिसणारे घोडे २०१२ मध्यें 'एमआयटीएफ' व 'पॅक्स-३' या दुसऱ्या दोन जनुकांशीं जोडले गेले.

परंतु जनुकांनीं सर्वच ठरत नाहीं, आणि आमच्या मतें या संशोधनाचा सर्वांत बोधप्रद भाग येथेंच आहे. एकाच घोड्यापासून प्रयोगशाळेंत निर्माण केलेल्या हुबेहूब प्रतींत जनुकें तंतोतंत तींच असतात. तरीही त्यांच्या कपाळावरच्या चांदण्या व पायांचें पांढरेपण सारखें येत नाहीं. पेशींचा प्रवास गर्भाशयांत कोठें दोन बोटें अलीकडे थांबतो, कोठें दोन बोटें पलीकडे. त्याला दैवाशिवाय दुसरें नांव नाहीं. अरबी घोड्यांच्या अभ्यासांतही असें दिसून आलें कीं, मागचे पाय पुढच्यांपेक्षां अधिक वेळां पांढरे असतात, आणि कुमाईतापेक्षां सुरंग घोड्यांत पांढरेपण अधिक; मात्र एखाद्या विशिष्ट शिंगराचा कोणता पाय पांढरा निघेल हें सांगतां येत नाहीं. यावरून काय निष्पन्न होतें तें पाहा. एकाच घोडीच्या, एकाच घोड्यापासून झालेल्या दोन शिंगरांपैकीं एक पंचकल्याणी निघतें व दुसरें अर्जल. दोघांच्या अंगीं तेंच जनुक असूं शकतें. एकाच्या कपाळीं कुंकूं लागतें, दुसऱ्यास बाजारांत कोणी विचारीत नाहीं. सुलक्षणी आणि कुलक्षणी हे दोघे सख्खे भाऊ आहेत. त्यांच्यांतील अंतर चार बोटांच्या केसांचें.

सबजा घोड्याची कथा याहून निराळी. त्याच्या अंगीं 'एसटीएक्स-१७' नांवाच्या जनुकांत एक लहानसा भाग दुबार लिहिला गेलेला असतो. हा शोध २००८ सालचा. या पुनरुक्तीमुळें केसांच्या मुळांशीं असणाऱ्या रंगपेशी लवकर संपून जातात आणि घोडा अकालीं पिकतो. जगांतील सर्व सबजा घोड्यांत ही पुनरुक्ति सारख्याच परिसरांत आढळते, त्या अर्थीं ते सर्व एका पूर्वजाचे वंशज ठरतात. म्हणजे राजांच्या मिरवणुकींतले बहुतेक शुभ्र घोडे एकाच गोत्राचे! त्यांत एक गंमतही आहे. पंचकल्याणी म्हणून भारी किंमतीस घेतलेलें शिंगरूं जर सबजाच्या पोटचें असलें, तर आठ-दहा वर्षांत तें सर्वांगीं पांढरें होऊन त्याचीं पांचही कल्याणें इतर केसांत मिसळून जातात. केवळ भिजविलें असतां त्या जागची गुलाबी कातडी तेवढी दिसते.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग चिन्हांत कांहींच अर्थ नाहीं. तसेंही नाहीं. चिन्ह धन्याचें भविष्य सांगत नाहीं, परंतु घोड्याचें कधीं कधीं सांगतें. पंधरा वर्षांवरील सबजा घोड्यांपैकीं बहुसंख्यांच्या शेपटीखालीं वगैरे काळ्या गांठी होतात. चुन्यांत बुडविल्यासारख्या तोंडाच्या घोड्यांपैकीं कांहीं बहिरे असतात. चित्त्यासारखे ठिपके देणारें 'टीआरपीएम-१' जनुक आईबाप दोघांकडून आलें, तर घोड्यास रात्रीं दिसत नाहीं. रात्रीच्या छाप्यावर निघालेल्या शिलेदारास ही गोष्ट केवढी महाग पडली असती याची कल्पना करावी. सर्वांत दारुण प्रकार अमेरिकेंतील 'फ्रेम' नांवाच्या अबलख घोड्यांचा. तें जनुक एकाकडूनच आलें तर शिंगरूं सुंदर निपजतें. दोघांकडून आलें तर शुभ्र शिंगरूं जन्मतें, आणि आंतड्यांना मज्जातंतूच नसल्यामुळें थोड्याच दिवसांत तळमळून मरतें. रंगपेशी आणि आंतड्याचे मज्जातंतु गर्भांत एकाच उगमापासून निघतात. वाट चुकली कीं दोहोंचीही चुकते. १९९८ मध्यें याचें जनुक सांपडल्यापासून मूळासकट उपटलेल्या थोड्या केसांवरून आधींच परीक्षा होऊं लागली, व असे दोन वाहक एकत्र न आणणें साधें झालें. लक्षणशास्त्राचें खरें सार्थक अशा ठिकाणीं होतें.

हीं चिन्हें किती जुनीं हेंही आतां सांगतां येतें. जुन्या हाडांतील जनुकें वाचून २००९ मध्यें असें दाखविण्यांत आलें कीं, माणसाळण्यापूर्वीचे घोडे बहुधा कुमाईत वा काळे होते, आणि सुमारें पांच हजार वर्षांपूर्वी माणसानें त्यांस पाळल्यावर रंगांची एकदम रेलचेल झाली. ठिपक्यांचे घोडे तेवढे त्याहूनही जुने. फ्रान्सांतील पेश-मेर्लच्या गुहेंत सुमारें पंचवीस हजार वर्षांपूर्वी काढलेले ठिपकेदार घोडे काल्पनिक नसावेत असें २०११ च्या संशोधनानें सुचविलें. रानांत जें चिन्ह शत्रूच्या नजरेस पडून घोड्याचा घात करील, तेंच माणसाच्या नजरेस आवडून त्याचा वंश वाढवितें. युरोपांत मध्ययुगांत ठिपकेदार व अबलख घोड्यांची आवड ओसरली, तसे ते कळपांतूनही कमी झाल्याचें हाडें सांगतात. आपल्याकडे पंचकल्याणीला मान मिळाला तसा त्याचा वंशही राखला गेला असेल. शकुन खोटा असला तरी त्यानें घोड्याची जात घडविली. हा इतिहास कागदांवर नाहीं. तो घोड्यांच्या रक्तांत आहे.

आणि तोच आज विस्कळित झाला आहे. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरकरांचें नशीब फिरलें. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघोजी निवर्तले आणि राज्य खालसा झालें. पुढें राजवाड्यांतील जडजवाहिराबरोबर हत्ती, घोडे व बैलही लिलावांत निघाले, वृद्ध बांकाबाईंचा संताप व्यर्थ गेला, हें इंग्रज इतिहासकार के यानेंच लिहून ठेविलें आहे. जनावरें कवडीमोलानें गेलीं. पिढ्यान् पिढ्या पारखून जमविलेली पागा अशी दहा दिशांस पांगते, तेव्हां एका घराण्याची मालमत्ता जाते इतकेंच नव्हे. एक निवडलेला वंश व त्याच्याबद्दलचें ज्ञान हीं दोन्ही मोडतात. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडी घोड्याची गतही फारशी निराळी झाली नाहीं. ज्या तट्टांनीं मराठ्यांचीं राज्यें पेललीं, तीं मेंढपाळांचीं बिऱ्हाडें वाहून कशींबशीं टिकलीं. त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद व्हावयास विसावें शतक उलटून जावें लागलें.

नागपुरास १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २००० सालापासून महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठही आहे. भोसल्यांच्या राजधानींत अशी संस्था असावी हा योग मोठा चांगला. तेथील अभ्यासकांनीं भीमथडी तट्टांच्या, माळेगांव-सारंगखेड्याच्या बाजारांतील घोड्यांच्या केसांचे नमुने घेऊन त्यांच्या चिन्हांचें मूळ शोधावें, आणि त्याच वेळीं वृद्ध सालोत्री, मेंढपाळ व व्यापारी यांच्या तोंडचीं रंगांचीं व लक्षणांचीं नांवें टिपून घ्यावीं, असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें. एक काम दुसऱ्याविना अपुरें आहे. कारण नांव माहीत नसलें तर चिन्ह दिसत नाहीं, आणि जनुक माहीत नसलें तर नांवाचा अर्थ लागत नाहीं. ज्या घराण्यांतून जुन्या पागांचे हिशेब पडून असतील त्यांनीं तेही वाळवीच्या स्वाधीन करूं नयेत. त्यांतील घोड्याच्या एका ओळीच्या वर्णनाला आज पूर्वी कधीं नव्हती इतकी किंमत आली आहे.

राहतां राहिला तो अर्जल. त्याच्या बाजूनें बोलणारा आजवर कोणी नव्हता. आतां शास्त्र उभें आहे. पुढल्या बाजारांत एक पाय पांढरा म्हणून कोणी एखादें चांगलें जनावर परत पाठवूं लागला, तर त्याला एवढेंच सांगावें कीं, ज्या पंचकल्याणीच्या शोधांत तूं आहेस त्याचाच हा भाऊ आहे. याची चाल पाहा, छाती पाहा, दम पाहा, आणि मग किंमत कर.